आबांचं माप

आबा गेले त्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी त्यांच्या हातात शेणी देत होते.

जुलैचा दुसरा आठवडा होता. राधानगरीच्या खालच्या अंगाला आमचं गाव. आठ दिवस ऊन दिसलं नव्हतं. धरणाचे दरवाजे उघडले होते आणि नदी काठच्या उसात शिरून उभी होती. मी कोल्हापूरहून, आईला तिचा ऑपरेशन झालेला डोळा पुन्हा दाखवायला न्यायला आले होते. पण पुलावर पाणी चढलं, एसटी बंद झाली आणि मी गावातच अडकले.

घरामागच्या परड्यात शेणींचा, वाळल्या गोवऱ्यांचा, हुडवा होता. माणसापेक्षा उंच, घुमटासारखा रचलेला, बाहेरून शेणानं लिंपलेला, वर उसाचा पाला आणि त्यावर निळं प्लास्टिक. आबांनी त्याचं तोंड उकललं होतं. मी बुट्टी भरून गोठ्यात आणायची, ते शिडीवर उभे राहून शेणी वर माळ्यावर ठेवायचे. खाली दोन म्हशी रवंथ थांबवून वर बघत होत्या.

"चार चार दे. जास्ती न्हाई," आबा म्हणाले.

"कशाला इतकं? पाऊस उघडल्यावर काढता आल्या असत्या."

"पाऊस उघडायची वाट कोन बघतंय."

ते इतकंच बोलले. मीही पुढं विचारलं नाही. आबांनी पावसात हुडवा उकलला की गावात कुणीच काही विचारत नसे.

आमच्या गावात सरण माझे वडील आबाच रचायचे. चाळीस वर्षं. त्यांच्या वडिलांचं सरण अशाच पावसात ओलं निघालं होतं, अर्धं जळून विझलं होतं, आणि पुढं काय झालं ते आबांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. त्यानंतरच्या शिमग्याला त्यांनी घरोघरी जाऊन होळीत टाकायच्या शेणी मागून आणल्या. घरटी पाच. पुढं तो रिवाजच झाला. गावात गॅस आला, लोकांनी शेणी थापणं सोडलं. पण शिमग्याला कुणी ना कुणी पाच शेणी आमच्या परड्यात आणून ठेवायचं. माणूस कुठल्या गल्लीतला, हे आबांनी कधी विचारलं नाही. निरोप आला की धोतराचा काचा मारायचे, हुडव्याकडं जायचे आणि जेवढ्या लागतील तेवढ्याच शेणी काढायचे. एक कमी पडायची नाही, एक उरायची नाही. त्यांना माणूस बघूनच कळायचं; पावसाळ्यात तर कुणी पडून असला की त्याच्या शेणी निरोपाआधीच काढून माळ्यावर कोरड्या ठेवायचे.

तेच लोकांना सोसायचं नाही.

चहाच्या टपरीवर आबा आले की कुणीतरी ओरडायचं, "सरळ बसा रं, आबा आलं, माप चुकंल!" सगळे हसायचे. आबाही हसायचे. पण ते बाकावर टेकले की शेजारचा कप अर्धा ठेवून उठायचा. लग्नाच्या पंगतीत ते आपण होऊन शेवटच्या पानावर बसायचे. बारशाला उंबऱ्याबाहेरूनच खोबऱ्याची वाटी द्यायचे आणि "बाळ झोपलं आसंल, ऱ्हावू दे," म्हणून परतायचे. कुणी आजारी असलं तर त्या घरावरून जायचं टाळून शेतातल्या चिखलाच्या वाटेनं यायचे. कारण एकदा एका घरानं त्यांना येताना बघून दार लोटून घेतलं होतं, आणि दार लोटणाऱ्या बाईचं बोट त्यात चेमटलं होतं. आबा ते बोट बांधून द्यायला पुढं झाले. ती ओरडली, ती बोटामुळं नाही.

मी नऊ वर्षांची असताना मला विषमज्वर झाला होता. तेव्हाही असाच पाऊस. खिडकीतून परडं दिसायचं. एके दिवशी दुपारी मी बघितलं, आबा हुडवा उकलत होते. मी पाय पोटाशी ओढून घेतले, म्हणजे लांबी कमी भरेल. त्या आठवड्यात गावात कोण गेलं ते मला आठवत नाही. कुणीतरी गेलंच असणार. मी मात्र आजही तशीच झोपते.

नंतर मी शिकले, शहरात राहिले, कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी धरली. पुस्तकांत ह्या भीतीला पुष्कळ नावं सापडली. नावांनी भीती गेली नाही. माझी मुलगी तेजस्वी बारा वर्षांची आहे. एका सुट्टीतही मी तिला इथं राहू दिलं नाही. आबा फोनवर विचारायचे, "किती वाढली गं आमची नात?" कुठलाही आजोबा विचारेल तसंच. मी म्हणायची, "अभ्यास बरा चाललाय," आणि फोन आईकडं द्या म्हणायची.

तर त्या दुपारी बुट्ट्या संपल्या. आबा वरच राहिले. मी चहा घेऊन शिडी चढले. कौलांच्या फटींतून राखाडी उजेड येत होता. माळ्याच्या कडेला शेणींचा एक थर नीट लावलेला होता, लांबट, पलंगासारखा. त्याच्या शेजारी फळ्यांवर आबा उताणे पडले होते. पाय जुळवलेले. हात अंगाशी. डोळे उघडे.

"आबा!"

"कंबर धरलीया. जरा पाठ टेकली," ते म्हणाले आणि कुशीवर होऊन सावकाश उठले. चहाचा कप दोन्ही हातांत धरला. मग कपावरून त्यांनी माझ्याकडं बघितलं. चेहऱ्याकडं, खांद्यांकडं, पायांकडं.

"बारीक झालीस, वर्षा."

मी शिडीचा दांडा धरला.

"माझ्याकडं असं बघू नका, आबा."

मी ते मोठ्यानं बोलले होते. खाली म्हशीनं मान हलवली, गळ्यातली साखळी वाजली. आबांनी नजर खाली केली. "न्हाई बघत," ते म्हणाले.

मी उतरले. हुडव्याचं तोंड झाकायचं राहिलं होतं. मी रागारागानं प्लास्टिक ओढलं आणि घरात आले. त्यावर दगड ठेवले नाहीत.

जेवताना आबा भिंतीकडं तोंड करून बसले. आई म्हणाली, "भितीत काय दिसालंय?" ते म्हणाले, "कालवण झ्याक झालंय." माझ्याकडं त्यांनी पुन्हा बघितलं नाही.

सकाळी सहाला त्यांनी डेअरीला दूध घातलं. परत येऊन पाय धुतले, कट्ट्यावर खांबाला टेकून बसले. आईनं चहा नेऊन ठेवला. मी चूल फुंकत होते. आईचा आवाज आला, "अवं, च्या." मग पुन्हा, "अवं." मग नुसतं पन्हाळीचं पाणी.

मी बाहेर गेले. चहावर साय धरली होती. आबांची हनुवटी छातीवर होती आणि उघड्या डोळ्यांची नजर खाली, स्वतःच्या पावलांवर.

डॉक्टर येऊन गेले. आठ वाजेपर्यंत अंगण भरलं. छत्र्या, प्लास्टिकच्या खोळी, डोक्यावर घेतलेली खताची पोती. आबांना पुढच्या सोप्यात खांबाशीच टेकवून ठेवलं होतं, डोक्याला रुमाल बांधून. माझा चुलतभाऊ अमरसिंह सगळ्यात पुढं होता; आबांना मुलगा नाही, अग्नी-पाणी तोच देणार होता. तो नदीकाठच्या स्मशानशेडाकडं जाऊन आला.

"शेडाला अजून दीड हात पाणी खाली हाय. पर दुपारपातूर शिरतंय बघा. उरकाय पायजे."

"शहरात न्यायचं म्हटलं तर?" कुणीतरी विचारलं.

"पूल कुठं हाय न्यायाला?"

मग ते परड्यात गेले आणि तिथून कुणाची तरी शिवी ऐकू आली. मी धावले. प्लास्टिक उडून पेरूच्या झाडाला अडकलं होतं. हुडव्याचं उघडं तोंड रात्रभर पाऊस प्यालं होतं. अमरसिंहनं हात घातला; शेणी नव्हे, चिखलच हातात आला. त्यानं आणखी आत हात घातला, कोपरापर्यंत. तिथंही तेच.

"झाकलं कुनी ह्ये?" तो म्हणाला.

"मी," मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि हात गवताला पुसला. तो बोलला असता तर बरं झालं असतं.

गावात दुसरीकडं कोरडी शेणी कुणाकडंच नव्हती. सगळ्या गावच्या शेणी ह्या हुडव्यात होत्या. लाकडं होती, तीही ओली.

"आता डिझेल वतायचं," मागून एकजण म्हणाला. "आन् ट्रॅक्टरचं जुनं टायर हाईत माझ्याकडं. दोन टायर घाटलं की काय बी पेटतंय."

आई सोप्यातनं उठून दारात आली होती. पदर डोक्यावर, एका डोळ्यावर डॉक्टरनं दिलेली हिरवी पट्टी. "टायर न्हाई," ती म्हणाली. "त्यांनी गावाच्या कुत्र्याला बी टायर लावू दिला न्हाई. त्यास्नीच लावतासा व्हय?"

तो माणूस गर्दीत मागं सरकला.

"माळ्यावर हाईत की शेणी," अमरसिंह म्हणाला. "काकी, त्या घिऊया."

सगळे गोठ्यात आले. अमरसिंह शिडीवर चढला, बॅटरी मारली. समोरच्या घरातला सर्जेरावही त्याच्यामागं चढला आणि लगेच उतरला. त्याचा चेहरा पडला होता.

"त्येला हात लावू नगासा," तो म्हणाला. "त्या आमच्या म्हातारीच्या हाईत."

"कशावरनं?"

"आरं, थर बघ की त्यो. आडीचशे बी भरायच्या न्हाईत. आबांचा आंगलोट काय, ह्या शेणी काय! आबांला च्यारशे लागत्यात. तालमीतलं शरीर त्ये. मापात आबा कवा चुकल्यात? आमची आक्का महिनाभर पडून हाय, आबांनी तिचंच काढून ठेवलंय. म्हातारीच्या वाटच्या जाळून पाप घ्यायचं हाय का?"

कुणाच्या वाटच्या शेणी दुसऱ्याला वापरायच्या नाहीत, असं आबांनी कधी सांगितलं नव्हतं. तरी तिथल्या प्रत्येकाला ते पटलं. मलाही. मला तर ते पटून बरं वाटलं, कारण रात्रभर मी त्या शेणी माझ्याच, असं ठरवून बसले होते.

तेवढ्यात रस्त्यापलीकडून खणखणीत आवाज आला. आक्काची खाट त्यांच्या सोप्यात दाराशीच असते. महिनाभर ती उठली नव्हती, पण कान शाबूत होते.

"ए सर्ज्या! माझ्या न्हवंत त्या!"

सर्जेराव अंगणात गेला. "आक्के, तू गप पड."

"गप पड काय? माझ्या त्यानं दोन सालामागंच काढल्या हुत्या. मला येऊन सांगिटलं न्हवं का त्यानं! म्हणला, आक्के, पावसापाण्याचं पोरांची पळापळ नगं, तुझ्या कोरड्या ठिवल्यात. मी म्हटलं, बेस केलंस. आन् मी म्येलोच न्हाई! त्या शेणी वरल्या आळीच्या शंकऱ्याला गेल्या." ती हसली, हसता हसता खोकली. "तुमचा आबा, ज्ञानू, लई शाना, पर मी त्याला चुकिवलं. जा, ज्याच्या हाईत त्याला घाला. मला आजून टाईम हाय."

अंगणात एक-दोघं हसली आणि लगेच थांबली. कारण आता प्रश्न उरलाच होता. शेणी कुणाच्या?

बायका सोप्याच्या कडेला बसल्या होत्या. त्यांच्या माना हळूहळू आईकडं वळल्या. आईनं ते बघितलं.

"माझ्या न्हाईत," ती म्हणाली. "माझं माप त्येंला येत नव्हतं. मी कितींदा म्हटलं, घ्या एकदाचं आन् मोकळं व्हा. तर म्हणायचं, तुझ्याकडं बघाय लागलं की आकडाच इसरतोय. घरच्या मानसाचं त्येंला जमत नव्हतं. वर्षा तापानं पडली हुती तवा रोज हुडव्याकडं जायाचं आन् हात हालवत माघारी याचं. शेवटाला मीच वराडलो, कशाला जातासा? तर म्हणलं, तिथं कुनी रडताना बघत न्हाई."

मी आईकडं बघत राहिले. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आईनं ते शेणीच्या हिशेबात सांगावं तसं सांगितलं आणि डोळ्याची पट्टी नीट केली.

बायकांच्या नजरा आता माझ्याकडं आल्या होत्या. त्या वाईट नव्हत्या; त्यात कळवळाच होता. केसांपासून सुरू झाल्या, खांद्यांवर थांबल्या, कमरेवरून खाली पावलांपर्यंत गेल्या आणि पुन्हा वर आल्या. एकीनं ओठ दाताखाली धरले. दुसरीनं शेजारणीला कोपर लावलं. मापणारी नजर कशी असते ते मला त्या वेळी कळलं. आबांनी माझ्याकडं असं कधी बघितलं नव्हतं. काल दुपारीही नाही.

मी उठले आणि गोठ्यात गेले.

"वर्षाताई, कुठं?" अमरसिंह म्हणाला.

मी शिडी चढले. माळ्यावर शेणाचा कोरडा वास होता आणि कौलांवर पावसाचा एकसारखा आवाज. थराच्या शेजारी फळ्यांवरची धूळ एका जागी पुसली गेली होती, माणसाएवढ्या जागी. मी त्या जागेवर उताणी झाले. पाय सरळ केले. तीस-बत्तीस वर्षांत मी असे पाय सरळ करून पडले नव्हते. गुडघे आपोआप वर येत होते, मी ते हातांनी दाबले. डोकं थराच्या टोकाला लावलं. खाली सगळे वर बघत होते. म्हशीही वर बघत होत्या, हे मला न बघता कळत होतं.

मग मी मान उचलून पायांकडं बघितलं. थर माझ्या टाचांच्या पुढं वीतभर गेला होता.

मी उतरले तेव्हा माझ्या पाठीला, केसांना शेणाचा भुगा लागला होता. लोक दोन पावलं मागं सरले.

"त्या आबांच्याच आहेत," मी म्हणाले. "लांबी त्यांची आहे. काल ते स्वतः झोपून बघत होते. मी बघितलंय."

"लांबी आसंल," सर्जेराव म्हणाला, "पर शेणी कमी हाईत, ताई. उगंच अर्धवट जळायचं. पेटवल्यावर काय करनार?"

"त्यांना उचलून बघा."

"आँ?"

"अमरसिंह, आबांना उचल."

अमरसिंह सोप्यात गेला. आबांच्या काखेत एक हात आणि गुडघ्यांखाली एक हात घातला. आणखी दोघं हात लावायला वाकले. त्याच्या आतच तो सरळ उभा राहिला. एकट्यानं. आबा त्याच्या हातांत लहान मुलासारखे वर आले होते. त्याचा तोल मागं गेला, कारण त्यानं जोर जास्त लावला होता.

तो तसाच उभा राहिला.

"आबा कवा एवढं हलकं झालं?" सर्जेराव हळूच म्हणाला.

कुणाला ठाऊक नव्हतं. सदऱ्याच्या आत काय उरलंय हे कुणीच बघितलं नव्हतं. आबांनी सगळ्यांची मापं ठेवली आणि आबांकडं बघायचं सगळ्यांनीच टाळलं होतं. गावाच्या डोक्यात ते तालमीतलेच राहिले होते. माझ्या डोक्यातही. त्यांना मी शेवटचा हात कधी लावला होता, ते आठवायला मला वेळ लागला असता.

आई म्हणाली, "ठेव बाबा त्यास्नी. आंगुळ घालाय पाणी तापलंय."

माळ्यावरून नदीपर्यंत शेणी हातोहात नेल्या. प्रत्येकाच्या छातीशी चार शेणी, वर खोळ धरलेली, तान्हं मूल पावसातून न्यावं तशी. टायरवाल्यानंही नेल्या. गावाबाहेर विसाव्याच्या दगडापाशी बायका थांबल्या. मी थांबले नाही. मागून एक म्हातारा म्हणाला, "पोरी, बायकांनी फुडं येऊ नये." अमरसिंह वळून त्याला म्हणाला, "मग तुम्ही रचतासा का, तात्या?" म्हातारा खाली बघत चालू लागला.

शेडाचा पत्रा पावसानं बडबडत होता. पाणी शेवटच्या पायरीच्या खाली आलं होतं, तांबडं, फेस धरलेलं, आणि त्यातून उसाची मुळं वाहत होती. लोखंडी जाळीवर लाकडाचे चार ओंडके टाकले होते. पुढं काय करायचं ते कुणालाच माहीत नव्हतं. चाळीस वर्षं सगळे जण नदीकडं तोंड करून उभे राहिले होते आणि आबांनी हाक मारली की वळले होते.

मीही कधी इथं आले नव्हते. पण हुडवा रचायला मी लहानपणी आबांच्या हाताखाली असायची. शेणी आडवी ठेवायची नाही, उभी ठेवायची, पुढचीवर जरा रेलून. दोन शेणींत बोट जाईल एवढी फट. वाऱ्याला वाट पाहिजे. जाड शेणी मधे, पातळ कडेला. "निजल्यागत न्हाई, बसल्यागत ठेव," ते म्हणायचे. मी तशीच ठेवत गेले. हातांना ते येत होतं. मी त्यांच्याकडं बघत होते, जसं दुसऱ्याच कुणाच्या हातांकडं बघावं. मी वळून हात पुढं केला की अमरसिंह चार शेणी द्यायचा. तीन दिल्या तर हात तसाच पुढं राहायचा. मग तो चार देऊ लागला.

आबांना ठेवलं. त्यांच्यावर शेणी रेलत नेल्या, पायांकडून वर. छातीशी जास्त. नदीकडची बाजू उघडी. चेहऱ्यावरची शेवटची शेणी ठेवण्याआधी मी बघितलं: अंघोळ घालताना कुणीतरी त्यांचे डोळे मिटले होते.

मी मागं हात केला. अमरसिंहनं काही दिलं नाही.

"संपल्या," तो म्हणाला.

सरण पुरं झालं होतं. कुठंही भोक नव्हतं. खाली जमिनीवर एक तुकडाही उरला नव्हता. सगळे सरणाकडं आणि रिकाम्या खोळींकडं आळीपाळीनं बघत होते. सर्जेरावनं डोक्यावरची टोपी काढली आणि पावसात तशीच हातात धरली.

पहिल्या काडीला पेटलं. धूर झालाच नाही म्हणायचा. एवढ्या पावसात ज्वाळा सरळ वर गेल्या, पत्र्याला लागल्या, आणि पत्र्यावरचं पाणी वाफ होऊन उडू लागलं. लोक जवळ जवळ सरकले. गारठा होता, आणि आठ दिवसांत कुणाला ऊब मिळाली नव्हती. हात नकळत पुढं झाले होते. कुणीतरी आपले हात बघितले आणि मागं घेतले. मी घेतले नाहीत.

तासाभरानं पाणी पायरीवर आलं.

रक्षाविसर्जन दुसऱ्याच दिवशी सकाळी उरकलं. तिसऱ्या दिवसापर्यंत शेड पाण्याबाहेर राहणार नव्हतं. ह्या वेळी बायकाही आल्या. आईला खुर्चीत बसवून आणलं. रक्षा पूर्ण होती, पांढरी, मऊ. अर्धवट असं काही सापडलं नाही. अमरसिंहनं ती घमेल्यातून घोटाभर पाण्यात उतरून सोडली.

मग आमच्याकडं करतात तशी भाषणं झाली. छत्रीखाली उभं राहून डेअरीचे चेअरमन बोलले, शाळेचे मास्तर बोलले. सरपंच शेवटी बोलले. आबा म्हणजे गावचा आधारवड, ते म्हणाले. चाळीस वर्षं एक पैसा न घेता निःस्वार्थी सेवा. गावानंही त्यांना भरभरून प्रेम दिलं, घरातला कर्ता माणूस मानलं, मानाचं पान दिलं. त्यांचं नाव स्मशानशेडाला द्यायचा ठराव पुढच्या ग्रामसभेत घेऊ.

लोकांनी माना हलवल्या. आई वाहत्या पाण्याकडं बघत होती.

"आता वर्षाताई दोन शब्द बोलतील," सरपंच म्हणाले. "त्या शिकलेल्या हाईत. वडलांच्या आठवणी सांगतील."

मी पुढं झाले. माझ्यासमोर सगळं गाव होतं आणि सगळ्यांची तोंडं माझ्याकडं होती. बोलायला मला पुष्कळ सुचत होतं. चांगली वाक्यं होती, वाचलेली, घासलेली. मी ती बाजूला ठेवली.

"सरपंच म्हणाले तसं झालं नाही," मी म्हणाले. "आपण त्यांच्या शेजारी बसत नव्हतो."

सरपंचांनी घड्याळाकडं बघितलं.

"तुमचं तुम्ही बघा. मी माझं सांगते. मी त्यांची मुलगी. त्यांनी मला कधी मारलं नाही, कधी मोठ्यानं बोलले नाहीत. मी त्यांच्या समोर पाय पसरून बसले नाही. माझी मुलगी त्यांच्या मांडीवर दिली नाही. परवा दुपारी त्यांना म्हणाले, माझ्याकडं बघू नका. त्यांनी ऐकलं."

पुढचं गावाला सांगायचं नव्हतं. मी वळले. पाणी शेडाच्या पायऱ्या चढून जाळीच्या पायांशी आलं होतं आणि कालची राखाडी जागा धुऊन निघत होती. मी पाण्याकडं तोंड करून, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले,

"आबा, मी तुम्हाला भीत होते. तुम्ही काही केलं नव्हतं. मी भीत होते."